ग्लॅडिस मोजणीत नसते

१

तुझं काम काय असं कुणी विचारलं, की ओरिशा हनाट्युक सांगायची, "उंदरांच्या मागे फडकं मारते." हे ती विनयाने म्हणत नसे आणि ते खोटंही नव्हतं.

विनिपेगच्या विद्यापीठात तिसऱ्या मजल्यावर उंदरांची भीती मोजायचे. कमरेइतक्या उंचीवर अधिकच्या चिन्हासारखा एक चौफुला होता. त्याच्या दोन बोळांना भिंती होत्या, दोन उघडे होते. भित्रा उंदीर भिंतींच्या आडोशाला बसून राहतो आणि धीट उंदीर उघड्या बोळाच्या टोकाशी जाऊन खाली डोकावतो. औषध दिल्यावर भित्र्याचा धीट होतो का, एवढाच सारा प्रश्न. त्या प्रश्नावर प्रयोगशाळेच्या प्रमुख थिसन मॅडमचे केस पांढरे झाले होते आणि ओरिशाचे गुडघे गेले होते.

एक उंदीर झाला की लेंड्या उचलायच्या, स्पिरिट फवारायचं, पुसायचं, वाळू द्यायचं आणि मगच पुढचा उंदीर सोडायचा. उंदीर नाकाने वाचतो. आधीचा घाबरला असेल तर त्याची भीती तिथेच चिकटून राहते, आणि पुढचा आत पाय टाकताच ती वाचून मोकळा होतो. ओरिशा नेहमी मधून बाहेर पुसायची, चारही दिशांना एकेक लांब हात. नव्या माणसाने बाहेरून आत पुसलं की ती डोक्याला हात लावायची. "घाण गोळा करून मधोमध आणून ठेवलीस. आता तिची पूजा कर."

दिवसाचा पहिला मान ग्लॅडिसचा. ग्लॅडिस ही एक म्हातारी, पांढरी, जाडजूड उंदरीण. पहिल्या उंदराला कोरी जमीन आणि बाकीच्यांना पुसलेली, असा पंक्तिभेद नको म्हणून रोज आधी तिला फिरवून आणायचं, चौफुला पुसायचा आणि मग खऱ्या चाचण्या सुरू करायच्या. ग्लॅडिससाठी कुणी घड्याळ दाबत नसे. ती मोजणीत नव्हती. फेरी झाली की तिला सूर्यफुलाची बी मिळे आणि ती दोन्ही हातांनी धरून आजीबाईसारखी सोलत बसे.

मोजणीतले उंदीर मात्र शेवटी खालच्या मजल्यावर जायचे. तिथून वर कुणी येत नसे.

म्हणून ओरिशाने आपली एक रीत ठेवली होती. उंदीर उचलण्याआधी ती हात गरम पाण्याच्या नळाखाली धरायची, कोरडे करायची, ओंजळ करून त्याला अलगद उचलायची आणि सूर लांबवून म्हणायची, "चल गंऽ बाई, सुटलीस."

"सुटलीस कसली? खाली चाललीय ती," रेनाटो म्हणायचा.

"मला माहितेय. तिला कशाला सांगायचं?"

२

रेनाटो मकाराएग तिचा जोडीदार. फिलिपिनी, गोलमटोल, तीन मुलींचा बाप. गेली कित्येक वर्षं दोघांनी काम वाटून घेतलं होतं. सकाळची पाळी ओरिशाची, जेवणानंतरची रेनाटोची.

त्याला एकच दुःख होतं. उंदरांना पुरुषाच्या वासाची धास्ती वाटते. म्हणून थिसन मॅडमने फर्मान काढलं होतं, की रेनाटोने पाळीवर ओरिशाचा जुना लोकरी कार्डिगन घालायचा. जांभळा, मोत्यांच्या बटणांचा. तो अंगात चढवून रेनाटो निघाला की अख्ख्या मजल्यावर हशा पिकायचा.

"शोभतोय हो जावईबापूंना!" ओरिशा म्हणायची.

"तुझ्यापेक्षा बरा शोभतो, ताई. माझ्या अंगावर निदान बटणं तरी लागतात."

या दोघांच्या जेवणावरही पहारा होता. चाचणीच्या दिवसांत ओरिशाला लसणाचा सॉसेज बंद, रेनाटोला सुकी मासळी बंद. दोघं तळघरातल्या कॅन्टीनमध्ये समोरासमोर बसून बेचव सूप ओढायची आणि एकमेकांना खायच्या गोष्टी सांगायची. ओरिशाच्या घटस्फोटानंतरची पहिल्या नाताळला ती रेनाटोकडे जेवली होती. त्याची धाकटी झाली तेव्हा बायकोला दवाखान्यात ओरिशानेच नेलं होतं, उणे तीस तापमानात, कारण रेनाटोची गाडी गोठून बसली होती. असं हे नातं. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त भांडण दिसे.

जानेवारीच्या एका दुपारी सूप ओढता ओढता रेनाटो म्हणाला, "ताई, एक सांगायचं राहतंय. रोज माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवतेस, त्याबद्दल आभार. पण जरा वाळू देत जा. पँटचं बूड ओलं होतं."

ओरिशाचा चमचा हवेतच थांबला. "मी? मला वाटत होतं तूच पुसून जातोस. रोज सकाळी खोलीत स्पिरिटचा वास असतो. म्हटलं, पोराला चांगलं वळण लागलं."

"मी कशाला पुसू? आजवर कधी स्वतःची गाडी पुसली नाही मी."

दोघंही हसली. सफाई कामगार पुसत असतील, असं ठरलं. मग ओरिशाला आठवलं, की त्या खोलीची किल्ली सफाईवाल्यांकडे नाही. नव्या माणसाच्या वासाने उंदीर बिथरतात म्हणून तिनेच ती देऊ दिली नव्हती.

३

खोली म्हणजे तशी दोन खोल्यांची जोडी. बाहेरच्या दारातून आत गेलं की आधी एक चिंचोळी खोली. पांढऱ्या भिंती, खिडकी नाही, एक खुर्ची आणि कॅमेऱ्याचा पडदा. तिथून आतल्या दाराने मोठ्या, मोकळ्या खोलीत जायचं, तिथे चौफुला. उंदीर सोडला की माणसाने बाहेर येऊन खुर्चीत बसायचं आणि पडद्यावर पाहायचं, म्हणजे त्याला आपली अडचण होत नाही.

दुसऱ्या दिवशी आपली पाळी संपल्यावर ओरिशाने मुद्दाम खुर्चीवर हात फिरवून पाहिला. खुर्ची कोरडी होती, तिच्या बसण्याने कोमट झालेली. तिने दार लावलं, किल्ली खिशात टाकली आणि व्हरांड्यात दाराला पाठ लावून रेनाटोची वाट पाहत उभी राहिली. मधल्या वेळात कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. रेनाटो कार्डिगनची बटणं लावत आला. तिने दार उघडलं.

स्पिरिटचा वास नाकात गेला. खुर्ची ओली होती.

"पाइप गळत असेल वरून," रेनाटो म्हणाला.

"पाइपातून स्पिरिट गळतं?"

"या विद्यापीठात काहीही गळतं, ताई."

ओरिशा वाकली. रेग्झिनवर ओल अजून चमकत होती आणि तिच्यात पुसल्याचे पट्टे दिसत होते. मधून बाहेर, चारही दिशांना, एकेक लांब हात. जगात असं पुसणारी एकच बाई तिला ठाऊक होती, आणि ती आत्ता व्हरांड्यात उभी होती.

तिला पहिल्यांदा मनापासून भीती वाटली. मग स्वतःचा राग आला. चौफुला पुसता पुसता आपण सवयीने खुर्चीवरही फडकं मारत असणार आणि विसरत असणार, वय झालं, असं तिने मनाला बजावलं. पण हात फिरवला तेव्हा खुर्ची कोरडी होती, हे काही मन विसरायला तयार नव्हतं.

"भूत असलं तरी स्वच्छ आहे," रेनाटो रुमालाने खुर्ची कोरडी करत म्हणाला. "माझ्या थोरलीपेक्षा बरं. तिच्या खोलीत जायला मला बूट घालावे लागतात." आणि तो बसला.

वर छतात कुठेतरी टक् असा आवाज झाला.

४

"हा कसला आवाज?" ओरिशाने विचारलं.

"हा होय? रोजचाच. मी बसलो की एकदा आणि जाताना बाहेरच्या दारात गेलो की एकदा. हिवाळ्यात पाइप वाजतात."

"मी बसते तेव्हा नाही वाजत."

"तुझ्या वजनाला घाबरत असेल."

ती नेहमीसारखी हसली नाही. एवढी वर्षं ती त्या खुर्चीत बसत होती आणि हा आवाज तिने तिथे एकदाही ऐकला नव्हता. पण आवाज ओळखीचा होता. तिच्या गळ्यात दोरीला अडकवलेलं घड्याळ होतं. उंदीर सोडला की दाबायचं, टक्. उचलायच्या आधी दाबायचं, टक्.

रात्री तिने बटाट्याचं सारण भरलेले, करंजीसारखे पिएरोगी उकळले आणि ते गार होईपर्यंत त्यांच्याकडे बघत बसली. तिच्या डोक्यात हिशेब आपोआप मांडला जात होता. एक जण सकाळी आत जातो, मग पुसतात. दुसरा दुपारी आत जातो, मग पुन्हा पुसतात. एक भिंतींची खोली, एक मोकळी. दुसऱ्यासाठी घड्याळ दाबतात. पहिलीसाठी कुणी दाबत नाही.

"म्हणजे मी ग्लॅडिस," ती मोठ्याने म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. आपल्याच स्वयंपाकघरात एकटीने हसताना जरा विचित्र वाटलं, म्हणून ती थांबली. मग पुढचं सुचलं. आपण ग्लॅडिस असलो, तर रेनाटो कोण?

तिने पिएरोगी कचऱ्यात टाकले. चर्चच्या स्वयंपाकघरात वळलेले पिएरोगी टाकणं हे तिच्या घराण्यात पाप होतं, पण घास उतरेना.

५

पुढचे काही दिवस सगळं ठीक चाललं. म्हणजे खुर्ची ओली असायची, वर टक् वाजायचं आणि रेनाटोची बडबड चालू असायची. ओरिशाने मनाशी पाइपाची बाजू इतक्या वेळा मांडली, की ती तिला जवळजवळ पटली होती. पाइप तापतात, वाजतात. पाइपाला बाई कोण आणि पुरुष कोण, काय कळतं?

चाचण्यांच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या सकाळी ती खोलीत शिरली आणि जागीच उभी राहिली.

खुर्चीच्या पाठीला लाल चिमटा लावलेला होता.

कपडे वाळत घालायचा असतो तसाच साधा चिमटा. उद्या खालच्या मजल्यावर जाणाऱ्या पिंजऱ्यांना ती आणि रेनाटो असे चिमटे लावून ठेवत. चिमट्यांचा डबा आत, तिच्याच कपाटात असायचा. ग्लॅडिसच्या पिंजऱ्याला आजवर कधी तो लागला नव्हता.

"हा तू लावलास?" तिने दुपारी रेनाटोला विचारलं.

"मला वाटलं तू. मी जाडा झालोय असा टोमणा असेल म्हटलं." त्याने चिमटा काढून कार्डिगनच्या बटणाजवळ लावला. "बघ, कसा दिसतोय? पदक!"

"काढ तो!" ओरिशा इतक्या जोरात ओरडली, की रेनाटोच्या हातून चिमटा खाली पडला.

ती तडक थिसन मॅडमकडे गेली. मॅडम मोठ्या आनंदी बाई, टेबलावर कायम कुणीतरी दिलेलं सफरचंदाचा केक किंवा काकडीचं लोणचं असायचं. उद्याची दुपारची पाळी रद्द करता येईल का, असं ओरिशाने विचारलं. चौफुला डुगडुगतोय, तिने सांगितलं.

"मग खाली कागदाची घडी घाल," मॅडम म्हणाल्या. "ओरिशा, दुपारचे तेवढे राहिले तर आधीचे सगळे वाया गेले ना गं. इतके उंदीर फुकट गेले म्हणायचे. तुलाच झोप येणार नाही." हे खरं होतं. मॅडम तिला चांगल्या ओळखून होत्या. "तुला बरं नसेल तर रेनाटो दोन्ही पाळ्या करेल. त्याची कधी ना नसते."

"नको," ओरिशा म्हणाली. "दुपार मी करते."

६

तिने संध्याकाळी रेनाटोला फोन केला. "उद्या माझी दाढ काढायची आहे. सकाळची पाळी तू घे, दुपारी मी येते."

"दाढ काढून दुपारी येणार? घरी झोप गुमान. मी करतो दोन्ही."

"रेनाटो, मी तुझ्यापेक्षा मोठी आहे. मोठ्यांचं ऐकायचं असतं, असं तुझ्या मुलींना सांगतोस ना? मग ऐक. सकाळी जा, आणि दुपारी मी येईपर्यंत पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. शपथ घे."

"तू त्या पाइपाला घाबरलीस," तो हळूच म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

"घाबरले. मग? म्हातारीचा हट्ट समज."

"तू म्हातारी नाहीस. घेतली शपथ."

दाढ वगैरे काही नव्हतीच. सकाळी ती कॅन्टीनमध्येच बसून होती. कॉफीत नेहमीप्रमाणे दोन क्रीम, दोन साखर घातली होती, पण चव लागेना. अकराच्या सुमाराला रेनाटो जिन्यावरून उतरताना दिसला, जांभळ्या कार्डिगनमध्ये, अगदी धडधाकट. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुझा पाइप आज गप्प होता," तो समोर बसत म्हणाला. "बसलो, उठलो, बाहेर आलो. काही नाही. दुरुस्त झाला वाटतं."

ओरिशाने त्याला मिठी मारली. कॅन्टीनमधल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"दाढेवर कसलं औषध दिलंय डॉक्टरने?" रेनाटो गुदमरत म्हणाला.

तिने टेबलाखालून ग्लॅडिसचा पिंजरा काढला. ग्लॅडिसची फेरी आटोपून रेनाटो कामात गुंतला, तेव्हा तिने मधेच वर जाऊन पिंजऱ्यांच्या खोलीतून तो गुपचूप आणला होता. "हिला घरी घेऊन जा. तुझ्या धाकटीला दे. काम संपलं तिचं. रोज एक बी, जास्त नाही, हावरट आहे."

"तू का नाही नेत?"

"माझ्याकडे मांजर आहे."

"तुझं मांजर तीन वर्षांपूर्वी मेलं, ताई."

"मग नवं आणणार असेन. किती प्रश्न विचारतोस रे! कार्डिगन दे इकडे, माझा आहे."

त्याने बटणं सोडवली. लोकरीला त्याच्या साबणाचा वास येत होता. "मी इथेच बसतो," तो म्हणाला. "तुझी पाळी संपली की बरोबर निघू. कॉफी घेऊन ठेवतो. दोन क्रीम, दोन साखर."

"गार होईल."

"मग दुसरी घेईन."

७

खुर्ची ओली होती. चारही दिशांना पट्टे होते. पाठीला लाल चिमटा होता.

ओरिशा बसली. वर टक् वाजलं.

तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज बराच हलका होता. चला, हेही कळलं, असं म्हणून ती कामाला लागली. कारण उंदीर वाट बघत होते आणि त्यांचा यात काही दोष नव्हता. एकेक उंदीर सोडला, पाहिला, उचलला. मधून बाहेर पुसलं. एक धीट पोरगी उघड्या बोळाच्या अगदी टोकाशी जाऊन ओरिशाकडे बघत बसली, तेव्हा तिला फार कौतुक वाटलं. मधेच ती गाणंही गुणगुणली. रेनाटो खाली आहे आणि मोजणीत नाही, या विचाराने तिला इतकं हलकं वाटत होतं, की गुडघेसुद्धा दुखेनासे झाले.

पाइपच असेल, असंही तिला वाटत राहिलं. संध्याकाळी रेनाटो वर्षभर पुरेल इतकी चेष्टा करेल. करू दे.

शेवटच्या उंदरिणीला तिने गरम हातांनी उचललं. "चल गंऽ बाई, सुटलीस." पिंजरा लावला. पुढे कुणी यायचं नव्हतं, तरी तिने चौफुला पुन्हा पुसला. इतक्या वर्षांचा हात, तो ऐकत नाही. फडकं वाळत टाकलं, दिवा मालवला आणि कोट घ्यायला ती बाहेरच्या चिंचोळ्या खोलीत आली.

बाहेरचं दार चार पावलांवर होतं. दारापाशी पोचायच्या आधीच वर टक् वाजलं.

ती थांबली. कुठेतरी उंचावर नळ सोडल्यासारखं पाणी वाहत होतं. बराच वेळ वाहिलं, गार पाणी जाऊन गरम यायला लागतो तितका वेळ. मग बंद झालं. पांढऱ्या भिंतीवर दोन्ही बाजूंनी सावली सरकत आली, हळूहळू, कुणी बिथरू नये अशा बेताने, आणि मधोमध मिळून तिचा ओंजळीसारखा खोलगट आकार झाला.

ओरिशाने वर पाहिलं नाही. तिने कार्डिगनचं वरचं बटण लावलं. रेनाटो खाली दुसरी कॉफी घेत असेल, पिंजऱ्यात ग्लॅडिस बी सोलत असेल, असं तिच्या मनात आलं, आणि तिला बरं वाटलं.

वरून कुणीतरी काहीतरी म्हणालं. शब्द तिला कळले नाहीत. पण तो लांबवलेला, लाडाचा सूर तिने लगेच ओळखला. उंदरिणीला कशाला सांगायचं म्हणून लावतात, तोच.

हात गरम होते.